हात धरून चढायची पायरी

मी एक जुना विजयमंच आहे. विजयमंच हे नाव फक्त छापील पत्रिकेत असते. शाळेत मला सगळे ठोकळा म्हणतात. पहिलीतली मुले ठोकळेआजोबा म्हणतात आणि खुशाल माझ्यावर बसून डबा खातात. मला त्याचे वाईट वाटत नाही. वर्षातला एक दिवस मानाचा आणि बाकीचे दिवस बुडाखालचे, हे माझ्या नशिबी पहिल्यापासून आहे.

मित्रांनो, लाकडाला डोळे कुठून आले, कान कुठून आले, असल्या वादात आपण पडायला नको. मी माणसे पायांवरून ओळखतो एवढे लक्षात ठेवा. कोण धावत आले, कोण पाय ओढत आले, कोणाच्या बुटाची टाच झिजली आहे, कोण नुसते उभे आहे पण मनाने केव्हाच घरी पळाले आहे, हे मला तळव्यांवरून कळते. तोंडाने माणूस हव्या तेवढ्या थापा मारू शकतो. पायांना ते अजून जमलेले नाही. ही विद्या मला कुणी शिकवली नाही, वर्षानुवर्षे पायांखाली राहून ती आपोआप आली.

माझा जन्म एका लांबलचक सुट्टीत झाला. शाळेत सुतारकाम शिकवणारे एक सर होते. ते इतके उंच होते की वर्गात शिरताना त्यांना मान वाकवावी लागे, आणि मुले त्यांना पाठीमागे शिडीसर म्हणत. मोडक्या बाकांच्या फळ्या जमवून त्यांनी मला बनवायला घेतले. करवत होती, रंधा होता, सरस होता, हातात कसबही होते. नव्हते ते एकच. सुट्टी असल्यामुळे शाळेत एकही मूल नव्हते. पायरी किती उंच करावी असा प्रश्न आला, तेव्हा 'जरा इथे उभा राहा रे' असे म्हणायला कोणी समोर नव्हते. मग सरांनी मापाला स्वतःचा गुडघा घेतला. तिसऱ्या क्रमांकाची जागा त्यांच्या गुडघ्याएवढी, दुसरी तिच्याहून वीतभर उंच, आणि मधली पहिली आणखी वीतभर उंच. वीतही त्यांचीच. जगातले सगळे गुडघे साधारण सारखेच असतात अशी त्यांची समजूत असावी.

शाळा उघडली, शर्यती झाल्या. पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या शर्यतीत दुसरीतली एक चिमुरडी पहिली आली. तिला माझ्यासमोर आणून उभे केले, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आले की पहिली जागा तिच्या हनुवटीला लागते आहे. तिने एक पाय उचलून पाहिला. मग माझी कड धरून लोंबकळून पाहिले. सारे मैदान हसले. शिडीसरांचे कान लाल झाले आणि ती पोर रडकुंडीला आली. तेवढ्यात त्याच शर्यतीत सगळ्यांत शेवटी आलेली मुलगी पुढे झाली. तिचे पोते अजून एका पायात अडकलेले होते, ते तसेच फरफटत ती आली. तिने आपला एक हात त्या चिमुरडीच्या हातात दिला, दुसरा तिच्या पायाखाली धरला आणि म्हणाली, "चढ." ती चढली. माझ्या अंगावर पडलेली ती पहिली पावले. अनवाणी होती, वाळूने भरलेली होती आणि आनंदाने थुईथुई करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीसर करवत घेऊन माझे पाय कापायला आले. मला कामाला लागून जेमतेम एक दिवस झाला होता आणि माझी छाटणी होणार होती. पण तेव्हाचे मोठे सर तिथून चालले होते. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कापू नका," ते म्हणाले. "कुणी हात दिल्याशिवाय पहिल्या जागेवर जाता येत नाही. हे आपण मुलांना कसं शिकवणार होतो? तुमच्या चुकीनं शिकवलं. राहू द्या."

त्या वर्षीच्या अहवालात मोठ्या सरांनी त्या चिमुरडीच्या नावाखाली आणखी एक नाव लिहिले. त्याच्या आधी लिहिले, 'हात देणारी.' जी मुलगी सगळ्यांत शेवटी आली होती तिचे नाव वार्षिक अहवालात आले. तिच्या घरच्यांनी म्हणे तो कागद कितीतरी वर्षे जपून ठेवला होता.

तेव्हापासून आमच्या शाळेत रीतच पडली. बक्षीस ज्याला मिळेल त्याने समारंभाआधी आठवडाभर ठरवायचे की आपला हात कोण. मग त्या माणसाकडे जायचे आणि विचारायचे, "माझा हात तू होशील का?" ते नाव शिपाईकाकांना सांगायचे आणि काका ते अहवालाच्या वहीत उतरवायचे. 'नाही' असे कुणी म्हणत नसे. किती तऱ्हेचे हात मी पाहिले म्हणून सांगू? एकाने आपल्या आजीला बोलावले, तर त्या आजीलाच धरायला आणखी दोघे लागले. बुद्धिबळात पहिल्या आलेल्या मुलीने तिच्याशी हरलेल्या मुलालाच बोलावले, कारण वर्षभर दुपारी तिच्याशी खेळायला तो एकटाच तयार असे. एकाने बसच्या ड्रायव्हरला बोलावले. स्पर्धेच्या दिवशी तो पठ्ठ्या उशिरा उठला होता आणि बस त्याच्यासाठी पाच मिनिटे थांबली होती.

एका वर्षी एका हुशार पोराने शक्कल लढवली. खालून उडी, दुसऱ्या जागेवर पाय, तिथून पहिल्यावर. हात लागलाच नाही. पण दुसऱ्या जागेवर आधीच एक मुलगी उभी होती आणि तिच्या पायावर याचा बूट पडला. दुसऱ्याच्या जागेवर पाय देऊन वर जायचे नाही, असा नियम मग मुलांनीच केला. मोठ्या वर्गातली मुले जोर लावून एका दमात वर येऊ शकत होती. पण येत नसत. हात पुढे करून खाली थांबत.

आता जरा माझ्या हालअपेष्टांविषयी. समारंभ झाला की मला मैदानाच्या कडेला, नळाजवळच्या व्हरांड्यात ढकलून देत. पंखे पुसायचे, पडदे लावायचे, झाडात अडकलेला चेंडू काढायचा, सगळ्याला ठोकळा. माझ्यावरचे आकडे उडाले. रंग लावू, रंग लावू असे दर वर्षी कुणीतरी म्हणे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणे. नळाची गळती माझ्या मागच्या एका पायाशी येई. ते लाकूड हळूहळू कुजून तो पाय बोटभर आखूड झाला आणि मी डुगडुगायला लागलो. कुणी वाकून पाहिले नाही. मी तक्रार करत नाही, फक्त सांगून ठेवतो.

व्हरांड्यासमोरच लांब उडीचा वाळूचा खड्डा आहे. म्हणून त्या दोघींना मी पहिल्यापासून ओळखत होतो. त्या मावसबहिणी होत्या. एकाच घरात, एक वरच्या मजल्यावर आणि एक खालच्या, अशा वाढलेल्या. थोरली चार महिन्यांनी मोठी होती, पण तेवढ्या भांडवलावर धाकटीकडून ताई म्हणवून घेत असे. थोरली अशी उडी मारायची की मुलांनी तिचे नाव टोळ ठेवले. धाकटी सतत तिच्या मागेमागे, म्हणून ती शेपूट. दोघींनाही ही नावे मान्य होती. टोळाची आई आमच्या शाळेत साफसफाई करते. त्यामुळे ती सगळ्या शाळेची मावशी, आणि शेपटीची तर सख्खी मावशी.

सहावी, सातवी, आठवी अशी लागोपाठ तीन वर्षे लांब उडीत टोळ पहिली आली. तिन्ही वर्षी तिने हात म्हणून शेपटीला बोलावले. ते इतके ठरलेले होते की काका विचारायच्या आधीच नाव लिहून ठेवत. शेपटीची उडी काही वाईट नव्हती, पण तिचा पाय फळीच्या पुढे पडे आणि उडी बाद होई. मग टोळाने तिला शिकवायचे मनावर घेतले. रोज शाळा सुटल्यावर दोघी खड्ड्याशी येत. टोळाने पावले मोजली. सतरा. सतरा पावले मागे तिने एक दगड ठेवला आणि त्याला आपली लाल फीत बांधली. "इथून निघायचं. डावा आधी," ती सांगे. शेपूट उजवा पाय टाकून मोकळी होई. "डावा आधी," टोळ पुन्हा ओरडे. एवढ्या वेळा तिने ते म्हटले असेल की रात्री मला एकट्यालाही ते ऐकू आल्यासारखे होई. दमल्या की दोघी माझ्यावर बसून एका बाटलीतले पाणी पीत.

या वर्षी, नववीत, शाळाशाळांच्या स्पर्धेसाठी निवड होती. प्रत्येक शाळेतून एकच जण जाणार होता. टोळाने झकास उडी मारली. मग शेपूट लाल फितीपासून निघाली, डावा पाय आधी टाकून, आणि फळीवर अगदी बरोबर पाय देऊन टोळाच्या खुणेच्या चार बोटे पुढे पडली. खेळाच्या सरांनी दोनदा टेप लावून पाहिली. टोळाने तिसऱ्यांदा लावायला सांगितली. चार बोटे ती चार बोटेच राहिली.

शेपूट स्पर्धेला गेली आणि पहिली आली. बाहेरच्या स्पर्धेत लांब उडीत आमच्या शाळेचा हा पहिलाच पहिला नंबर. शाळेने तिला डोक्यावर घेतले. आणि घरी, जिन्यावर, वर्गात, टोळाने तिच्याशी अबोला धरला. एकाच दारातून निघालेल्या दोघी शाळेत येताना एक पुढे आणि एक वीस पावले मागे अशा येत. मावशी दोघींचे डबे एकाच पिशवीत आणत, तर टोळ आपला डबा काढून घेई आणि पिशवी माझ्यावर ठेवून निघून जाई. शेपूट सरावाला एकटी येऊ लागली. दगडाची फीत सुटली की स्वतःच परत बांधी. मग निघण्याआधी कुणीतरी ओरडेल म्हणून थांबे. कुणी ओरडत नसे.

याच वर्षी शाळेला नव्या मोठ्या बाई आल्या. बाई कामाला वाघ होत्या. वाईट मुळीच नव्हत्या, हे मी आधीच सांगतो, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्यांच्यावर रागवाल. एके दिवशी फेरफटका मारताना त्यांनी सहज माझ्या पहिल्या जागेवर हात टेकला आणि मी डुगडुगलो. बाई चपापल्या. "यावर मुलांना चढवता तुम्ही?" त्यांनी काकांना विचारले. "उद्या एखादं पोर तोंडावर आपटलं तर?" यात त्यांचे काय चुकले? मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

काकांनी रीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण काका म्हणजे अख्ख्या दिवसात दहा शब्द वापरणारा माणूस. "तसं असतं बाई आपल्याकडं," एवढेच ते म्हणू शकले. पुढच्या महिन्यात नवा मंच आला. चकचकीत, वजनाला हलका, पायऱ्यांवर रबर बसवलेले. पहिली जागासुद्धा जमिनीपासून वीतभर उंच, आणि ती वीत लहान मुलाची. बाईंनी समारंभ दोन तासांत आटोपायचे ठरवले. गेल्या वर्षीच्या अहवालात हात देणाऱ्यांचीच दोन पाने होती, ती त्यांना पाल्हाळ वाटली. आता मंच ठेंगणा असल्यावर हात हवा कशाला? या वर्षी काकांनी वही काढली नाही आणि कुणाला नावे विचारली नाहीत.

मुले हळहळली. माझ्याजवळ येऊन दोन-चार जणांनी मला थोपटलेही. एका टोळाला मात्र हायसे वाटले. ते मला कसे कळले ते सांगतो. समारंभाच्या दोन दिवस आधी मावशी माझ्यावर उभ्या राहून व्हरांड्यातली जळमटे काढत होत्या. मी हलतो म्हणून टोळ खाली बसून माझा तो आखूड पाय दाबून धरत होती.

"चार बोटांसाठी चार महिने झाले," मावशी वरूनच म्हणाल्या. "एका ताटात जेवलेल्या पोरी तुम्ही. अजून किती दिवस?"

टोळाने माझा पाय आणखी घट्ट दाबला. मग म्हणाली, "ती मलाच बोलावणार होती, आई. मला माहितेय. सगळ्या शाळेसमोर मला तिला वर चढवावं लागलं असतं. बरं झालं तो नवा मंच आला. आता हातबित काही नाही."

मावशींचा झाडू थांबला. "तिनं तुला तीनदा वर चढवलं. तेव्हा तिला काय वाटलं असेल, विचारलंस कधी?"

"ती हसत होती."

"तू वरून बघत होतीस," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा जळमटांकडे वळल्या.

मित्रांनो, मला ते माहीत होते. तिन्ही वर्षी टोळाला वर चढवून झाल्यावर शेपूट मला टेकून उभी राही. सगळे वर बघत, टाळ्या वाजवत. शेपूटही वाजवी. पण तिच्या टाचा उचललेल्या असत. चवड्यांवर उभी राहून ती बघत असे, आपण वर असतो तर तिथून कसे दिसले असते. तिला हेवा वाटत होता की नाही, मी सांगू शकत नाही. हात मात्र तिने तिन्ही वेळा घट्ट धरला होता. मला तोंड असते तर मी हे टोळाला त्याच क्षणी सांगितले असते. तिच्या हातात माझा पाय होता आणि माझ्याकडे एक शब्द नव्हता.

समारंभाचा दिवस उजाडला. मैदानाच्या मधोमध नवा मंच, समोर पालकांच्या खुर्च्या. मला नळाजवळच ठेवले होते. माझ्या तिसऱ्या जागेवर पाण्याचे पिंप आणि पेले, पहिल्यावर पेले पुसायची फडकी. दुसऱ्या जागेवर टोळ बसली होती. पाणी द्यायचे काम तिने मागून घेतले होते, म्हणजे वर्गाच्या रांगेत बसायला नको. तिच्या टाचा माझ्या फळीवर ठकठक आपटत होत्या.

मोठ्या बाईंनी वर्षाचा अहवाल वाचला. मनापासून तयार केलेला होता. पुस्तकांच्या खोलीतले प्रत्येक पुस्तक या वर्षी निदान एकदा कुणीतरी घरी नेले होते, अगदी खतांवरचेसुद्धा. पाचवीच्या वर्गाने शाळेभोवतालच्या रस्त्यांचा नकाशा केला होता, म्हाताऱ्या माणसांना वाटेत टेकायला कुठे कुठे जागा आहे ते दाखवणारा, आणि तो आता दवाखान्याच्या भिंतीवर लागला होता. गाणाऱ्या मुलांचा दुसरा नंबर आला होता. अडखळत बोलणाऱ्या तिसरीतल्या एका मुलाने सगळ्या शाळेसमोर पानभर वाचून दाखवले होते. सातवीतला एक मुलगा चार महिने अंथरुणावर असूनही चांगल्या गुणांनी पास झाला होता. आणि वर्षभरात एकही मूल शाळा सोडून गेले नव्हते. पालकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मला अभिमान वाटला, का वाटू नये? माझीच शाळा ती. पण प्रत्येक वाक्यानंतर मी पुढच्या नावासाठी थांबत होतो. अंथरुणावरच्या मुलाला रोज वह्या कुणी पोचवल्या? अडखळणाऱ्या मुलाचे ते पान या व्हरांड्यात पन्नास वेळा कुणी ऐकले? मला ठाऊक होते. कागदावर ती नावे नव्हती.

मग बक्षिसे सुरू झाली. मुले येत, टपकन वर चढत, बक्षीस घेत, टपकन उतरत. कुणी पडले नाही, कुणी खोळंबले नाही. एकच गंमत होती. मंचाशी आले की मुलांचा एक हात आपोआप बाजूला जाई, आणि तिथे कुणी नाही असे कळल्यावर तो हात कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नसे. कुणी खिशात घाली, कुणी डोके खाजवी. मला वाईट वाटले. उगाच मोठेपणा कशाला दाखवू, चांगलेच वाईट वाटले.

लांब उडीचे नाव पुकारले गेले. शेपूट आली आणि मंचासमोर उभी राहिली. पायरी वीतभर होती. ही तर वाऱ्यावर उडणारी पोर. पण ती चढेना. टाळ्या वाजून संपल्या. तिने उजवा हात बाजूला पुढे केला आणि नळाकडे पाहिले.

माझ्या फळीवरची ठकठक थांबली.

रांगांमधली मुले माना उंचावून बघू लागली. काय चालले आहे ते मुलांना कळले होते, मोठ्या बाईंना कळले नव्हते. पोर घाबरली असे वाटून त्या हातात माइक घेऊनच व्यासपीठाच्या पायऱ्या उतरल्या आणि तिला हात द्यायला निघाल्या. खेळाचे सर पुढे झाले.

"बाई, थांबा," ते हळूच म्हणाले. "तो हात दुसऱ्या कुणासाठी आहे."

बाई थांबल्या. शेपटीचा हात तसाच होता. टोळ हलली नाही. तिने दोन्ही हातांनी माझी कड घट्ट पकडली होती. ती उठली नसती तर? शाळेत आजवर कुणी हात मागितल्यावर नाही म्हटले नव्हते. पहिल्यांदाच तसे झाले असते, तेही दोन बहिणींत, आणि संध्याकाळी दोघींना एकाच दारातून घरात शिरायचे होते.

"ताई," शेपूट म्हणाली. एवढेच.

आता मी जे सांगतो ते कुणाला सांगू नका. त्याच क्षणी मी माझ्या आखूड पायावर किंचित कललो. मुद्दाम कललो की लाकडाच्या खोडीने कललो, ते मी सांगणार नाही. पण माझ्यावर बसलेल्या माणसाला तोल सावरायला एक पाय जमिनीवर टेकावा लागला. एकदा एक पाय टेकला की दुसरा टेकतोच. माझ्या अंगावरचे वजन उतरले.

ती चालत गेली. मी पावले मोजली. सतरा नव्हती, तेवीस होती, आणि शेवटची चार तर ती पळालीच. तिने शेपटीचा हात धरला. दोघी एकमेकींकडे बघेनात. मग टोळ काहीतरी पुटपुटली. तिला वाटले असणार की फक्त शेपटीलाच ऐकू जाईल. पण मोठ्या बाई माइक घेऊन शेजारीच उभ्या होत्या, आणि सगळ्या मैदानाला ऐकू आले.

"डावा आधी."

शेपूट एकदम हसली, तशीच रडली, आणि डावा पाय आधी टाकून वर चढली. टोळ खाली उभी राहिली. एका हाताने तिला धरून, दुसऱ्या हाताने डोळे पुसत. तिच्या टाचा उचललेल्या होत्या, हे मी एवढ्या लांबूनही पाहिले.

टाळ्या काही थांबेनात. त्या थांबल्या तेव्हा अडखळत बोलणारा तो तिसरीतला मुलगा रांगेतून उठून मोठ्या बाईंसमोर आला. त्याचे बक्षीस केव्हाच घेऊन झाले होते. "बाई," तो म्हणाला, "मी प... पुन्हा चढू?" बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, मग टोळ-शेपटीकडे पाहिले. कागदाची घडी करून त्यांनी पर्समध्ये टाकली. "सगळेच चढा पुन्हा," त्या म्हणाल्या. "आणि काका, ती वही घेऊन या."

समारंभ साडेतीन तास चालला. पिंपातले पाणी संपले, पुन्हा भरले, पुन्हा संपले. अंथरुणावर राहिलेल्या मुलाला तर दोन हात पुरेनात, त्याच्यासाठी अर्धा वर्ग उठला. काकांची वही तीन पानांवर गेली.

मित्रांनो, त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि ती पचवायला जरा वेळ लागला. मला वाटत होते की ती रीत माझ्यामुळे आहे, माझ्या उंचीमुळे आहे. मी गेलो की ती जाणार. पण हात द्यायला उंच पायरी लागतच नव्हती. नवा मंच समारंभाला राहिला आणि हात देणेही राहिले. मी नळाजवळ राहिलो. हे बरे झाले असे मी म्हणतो, आणि बऱ्याच दिवशी ते मला खरेही वाटते.

म्हातारा झालो आहे, म्हणून एक मागणे मागतो. तुमच्याही शाळेत वर्षाच्या शेवटी अशी यादी वाचतील. कोण पहिले आले, कोणी काय जिंकले. टाळ्या वाजवा, खूप वाजवा. पण प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबा आणि हात कुणी दिला ते विचारा. आणि कुठल्या व्हरांड्यात माझ्यासारखे जुने काही डुगडुगत असेल, तर जाता जाता वाकून बघा. एवढे केलेत तरी पुष्कळ झाले.

माझे मागणे तर पुरे झालेच. समारंभानंतरच्या सोमवारी शाळा सुटल्यावर दोघी आल्या. शेपूट खड्ड्याकडे गेली आणि दगडाला फीत बांधू लागली. टोळ माझ्यापाशी थांबली. तिने दप्तरातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, त्याची घडी घातली, उघडून पुन्हा घातली, आणि गुडघे टेकून तो माझ्या आखूड पायाखाली सरकवला. मग दोन्ही हातांनी मला दाबून पाहिले. मी हललो नाही. इतक्या वर्षांत कितीतरी मुलांना मी हातांच्या आधाराने वर चढताना पाहिले. मला हात द्यायला कुणी आले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.